शाल, श्रीफळ आणि पोच

आमच्या गावात माणूस साठीच्या पुढे गेला, त्याच्या नावावर थोडीफार मालमत्ता असली आणि त्यानं आजवर कुणाला मारहाण केल्याचं सिद्ध झालेलं नसलं, की त्याला एक शाल मिळते. शालीबरोबर नारळ. ही शाल त्याच्या अंगावर मिनिट-दोन मिनिटं राहते, म्हणजे फोटो निघेपर्यंत. पुढे ती कपाटात जाते आणि योग्य वेळी दुसऱ्या एखाद्या सत्कारमूर्तीच्या खांद्यावर प्रकट होते. एका कोपऱ्यात वाटाण्याएवढा तेलाचा डाग असलेली एक शाल मी तीन वेगवेगळ्या थोर पुरुषांच्या अंगावर पाहिलेली आहे. नोटेसारखी नोट ती, पण नोटेला निदान नंबर असतो.

शालीला आपण सगळेच हसतो. ज्यांना मिळाली ते जरा कमी हसतात, ज्यांना मिळाली नाही ते जरा जास्त, एवढाच फरक. पण हसून झाल्यावर प्रश्न उरतोच. चांगलं काम करणाऱ्याचा जाहीर सत्कार करावा की करू नये? केला तर ते काम बाटतं का? न केला तर आपण कृतघ्न ठरतो का? हा प्रश्न नीतिशास्त्रातला आहे आणि मी बी.कॉम. आहे. कॉमर्सला आम्हाला खर्च आणि उत्पन्न यांतला फरक शिकवला, पाप आणि पुण्य हा विषय आर्ट्सवाल्यांकडे होता. तरीही तो माझ्या गळ्यात पडला, कारण गावातल्या एका सेवाभावी क्लबाचं खातं आमच्या शाखेत आहे.

हा क्लब रोटरीचा की लायन्सचा हे मी सांगणार नाही. एकाचं नाव घेतलं तर दुसऱ्याला वाटेल की आपल्यावर लेख आला नाही. तर या क्लबानं ठरवलं, की यंदा सभासदांपैकीच एकाचा ‘सर्वोत्तम सेवाकार्या’बद्दल सत्कार करायचा. निवड निःपक्षपाती व्हावी म्हणून एक बाहेरचा माणूस हवा होता. मी बाहेरचाच आहे. क्लबाची वार्षिक वर्गणी आणि माझा पगार यांची आजवर गाठ पडलेली नाही. शिवाय बँकेतला माणूस बेरीज बरोबर करतो, असा लोकांचा समज आहे. ट्रेझररनी माझ्या हातात एक छापील तक्ता दिला. रकाने चार. हजेरी, देणगी, प्रकल्पांची संख्या, सेवेचे तास. प्रत्येकाला पंचवीस गुण.

तक्ता घरी नेऊन मी तो दोन रात्री वाचला. मग एकूण या क्लबांविषयीच वाचून काढलं.

रोटरीची सुरुवात 1905 साली शिकागोत झाली. पॉल हॅरिस हे वकील, आणि त्यांच्याबरोबर एक कोळशाचा व्यापारी, एक खाणींचा इंजिनिअर आणि एक शिंपी. आज याच्या कचेरीत, उद्या त्याच्या, अशी पाळीपाळीनं बैठक व्हायची म्हणून नाव रोटरी. पहिला हेतू मैत्रीचा आणि एकमेकांना धंदा मिळवून देण्याचा. यात लपवण्यासारखं काहीच नाही. मोठ्या शहरात एकट्या पडलेल्या माणसांनी दुसरं काय करावं? सेवा नंतर आली, आणि आली तीही कशी? 1907 साली या मंडळींनी जे पहिलं लोकोपयोगी काम अंगावर घेतलं ते म्हणजे शिकागोच्या सिटी हॉलजवळ सार्वजनिक शौचालय व्हावं म्हणून खटपट! मला हे वाचून त्या माणसांविषयी एकदम आदर वाटू लागला. आमच्याकडे देणगीदारांच्या नावाच्या पाट्या पाणपोईवर असतात, बागेतल्या बाकावर असतात, एस.टी.च्या निवाऱ्यावर असतात. स्मशानातल्या बाकांवरसुद्धा ‘कै. अमक्यांच्या स्मरणार्थ’ वाचता वाचता आपला नंबर कधी लागेल याचा माणूस विचार करतो. पण सार्वजनिक मुतारीवर आईवडिलांचं नाव घालणारा सुपुत्र अजून जन्माला यायचा आहे. ज्या कामावर नाव घालता येत नाही ते काम करणारा माणूस खरा, अशी एक सोपी कसोटी मी मनाशी तयार केली. ती पुढे टिकली नाही, ते ओघानं येईलच.

लायन्सची स्थापना 1917 सालची, मेल्विन जोन्स या विम्याच्या व्यवसायातल्या गृहस्थांच्या पुढाकारानं. 1925 साली त्यांच्या अधिवेशनात हेलन केलर बोलल्या आणि अंधांसाठी पुढे या म्हणाल्या. तेव्हापासून मोतीबिंदू आणि लायन्स यांचं नातं जुळलं ते आजतागायत. भारतात रोटरी 1920 च्या सुमारास कलकत्त्यात आली आणि लायन्स 1956 साली मुंबईत.

आता तक्त्याकडे वळू. पहिला रकाना हजेरीचा. रोटरीत पूर्वी हजेरीचं प्रस्थ फार. आपल्या क्लबाची बैठक चुकली तर दुसऱ्या गावच्या क्लबात जाऊन हजेरी भरून काढायची, आणि या भरपाईला ‘मेकअप’ म्हणत. परगावी गेलेल्या नवऱ्यानं फोनवर “आज मेकअपला जायचंय” असं सांगितल्यावर घरोघरी काय समज झाले असतील ते रोटरीलाच ठाऊक. 2016 सालापासून हे नियम बरेच सैल झाले. पण आमच्या तक्त्यात हजेरीला पंचवीस गुण शाबूत होते. म्हणजे दर मंगळवारी येऊन बटाटेवडा खाणाऱ्याचे पंचवीस पक्के.

दुसरा रकाना देणगीचा. इथं मला अवघडल्यासारखं झालं नाही, कारण पैसा मोजणं हा माझा धंदाच आहे. रोटरीच्या फाउंडेशनला हजार डॉलर दिले, की माणूस ‘पॉल हॅरिस फेलो’ होतो. लायन्सच्या फाउंडेशनला हजार डॉलर दिले, की ‘मेल्विन जोन्स फेलो’. दोन्हीकडे भाव एकच. एवढी चढाओढ असून भाव उतरलेला नाही हे बाजाराच्या नियमाला धरून नाही, पण पुण्याचा बाजार निराळा असेल. आपल्याकडे नाक मुरडणारे म्हणतात, हे तर पैसे देऊन मान विकत घेणं झालं. मला तसं म्हणवत नाही. त्या पैशाचं काय होतं तेही पाहावं. रोटरीनं 1985 साली पोलिओविरुद्धची जागतिक मोहीम उघडली. आपल्याकडे 1995 पासून पल्स पोलिओचे रविवार सुरू झाले. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये हावडा जिल्ह्यात सापडला, आणि 27 मार्च 2014 रोजी आपला देश पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. यात सरकार होतं, जागतिक आरोग्य संघटना होती, लाखो आरोग्यसेविका होत्या, आणि ज्यांच्या कोटावर ती बिल्ल्याची टिकली दिसली की आपण गालात हसतो, ते क्लबवालेही होते. कुणाला बिल्ल्याची हौस होती म्हणून एखादं मूल आपल्या पायावर चालत असेल, तर त्या हौसेला हसण्याआधी मी तरी त्या मुलाला विचारीन.

पण त्या मोहिमेतली मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट निराळीच आहे. डोस पाजला, की मुलाच्या डाव्या करंगळीच्या नखावर शाईची खूण करत. ना शाल, ना श्रीफळ. काम झालं, त्याची ही खूण. आमच्या भाषेत याला पोच म्हणतात.

तुम्ही काउंटरवर पैसे भरता. मी ते मोजतो, स्लिपवर शिक्का मारतो आणि अर्धा तुकडा फाडून तुमच्या हातात देतो. तो तुकडा म्हणजे तुमचा सत्कार नव्हे. “वा, काय थोर माणूस, पैसे भरले!” असं मी म्हणत नाही. पण तो तुकडा दिला नाही तर तुम्ही माझी कॉलर धराल, आणि ते बरोबरच असेल. घेणाऱ्यानं घेतलं असं म्हणणं हा देणाऱ्याचा मोठेपणा नाही, घेणाऱ्याचं कर्तव्य आहे. सत्काराचा सगळा घोळ मला वाटतं इथं होतो. आपण त्याला बक्षीस समजतो, मग बक्षिसाला लायक कोण यावर भांडतो. ती पोच समजली तर निम्मं भांडण मिटतं.

हा शोध माझा नाही. नाशिकची पांडवलेणी पाहायला गेलात, तर दहाव्या लेण्यात जरा थांबा. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात, यानं तिथं एक शिलालेख कोरवून ठेवला आहे. जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्यात काय आहे? मुदत ठेवीची पावती! तीन हजार कार्षापण त्यानं गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजानं. उरलेले हजार दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण टक्क्यानं. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चिवरासाठी. मी तिथल्या तिथं बोटांवर हिशेब केला. दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षू गुणिले बारा, दोनशे चाळीस. ताळा बरोबर! मला इतका आनंद झाला, की गाइडला वाटलं हा कुणी पुरातत्त्वाचा प्राध्यापक आहे. (वर्षाला बारा टक्के असा दर आज आमच्या काउंटरवर मागू नका.)

या श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांनी एकत्र येऊन काढलेल्या संघटना. पाळीपाळीनं कचेऱ्यांत जमणाऱ्या त्या कोळसेवाल्याचे आणि शिंप्याचे पूर्वजच म्हणा ना. दान देणारा दगडावर नाव कोरतो, रक्कम कोरतो, दर कोरतो. तो फुशारकी मारत नसेल असं नाही. कार्ल्याच्या लेण्यात तर वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या सावकारानं, आपण पुरं केलेलं हे शैलगृह साऱ्या जंबुद्वीपात उत्तम आहे, असं स्वतःच लिहून ठेवलं आहे! पण ती फुशारकी दगडावर होती म्हणूनच ठेव बुडवायची कुणाची छाती झाली नसेल. भूतपालाची बढाई आपण माफ करतो, कारण लेणं खरोखरच सुंदर आहे. तेव्हा ‘ज्या कामावर नाव नाही तेच खरं’ ही माझी कसोटी कार्ल्याच्या पायऱ्या चढताना धापा टाकत कोसळली.

याच्या उलट बाजूला आपली निष्काम कर्माची शिकवण उभी आहे. फळाची आशा धरू नये. मान्य. पण हे भगवंतानं सांगितलं कुणाला? काम करणाऱ्या अर्जुनाला. ज्यांच्यासाठी अर्जुन लढत होता त्यांना, “अर्जुनाला काही द्यायची गरज नाही, तो निष्काम आहे” असं सांगितल्याचं कुठं नाही. आमच्याकडे मात्र हे तत्त्वज्ञान नेहमी घेणाऱ्याच्या तोंडून ऐकू येतं. एकतीस मार्चला रात्री उशिरापर्यंत बसून आम्ही ताळेबंद जुळवला, की कुणीतरी वरिष्ठ हमखास निष्काम कर्मयोगावर बोलतात, आणि ते बोलायला लागले की यंदा ओव्हरटाइम नाही हे आम्ही ओळखतो. अपेक्षा न ठेवणं हे देणाऱ्याचं व्रत. ते व्रत त्याच्या वतीनं आपण पाळायचं, ही शुद्ध लबाडी.

गाडगे महाराजांनी तर हा सगळा खेळच उलटा करून टाकला. गावात शिरायचं ते हातात झाडू घेऊन, गटारं साफ करायची, आणि काम झालं की उलट गावकऱ्यांचंच अभिनंदन करायचं, असं त्यांच्याविषयी सांगतात. सत्कार करायला आलेला माणूसच त्यांनी सत्कारमूर्ती करून टाकला! अशा माणसाला शाल घालणार कशी? महाराष्ट्र सरकारनं वाट काढली. 2000 साली त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान काढलं आणि स्वच्छ गावांना रोख बक्षिसं लावली. बक्षिसाच्या स्पर्धेपायी कैक गावं झाडून निघाली. महाराज असते तर हसले असते की झाडू उगारला असता, सांगवत नाही. गावं स्वच्छ झाली हे मात्र खरं.

तर तक्ता. चारही रकान्यांत मिळून पहिला नंबर आला तो माजी अध्यक्षांचा. शहाऐंशी गुण. गृहस्थ चांगले आहेत, मोकळ्या हातानं देतात. शेवटचा नंबर अण्णांचा. हजेरी जवळजवळ शून्य, देणगी किरकोळ, प्रकल्प एक, आणि सेवेच्या तासांच्या रकान्यात त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, “मोजले नाहीत.”

अण्णांचं सायकलच्या सुट्या भागांचं दुकान आहे. बावीस वर्षं ते क्लबाचं नेत्रशिबिर चालवतात. महिन्याचा दुसरा रविवार. आसपासच्या वाड्यांवरून म्हातारीकोतारी माणसं टेंपोत घालून आणायची, त्यांची साखर आणि बी.पी. तपासून घ्यायचं, मोतीबिंदू पिकलेल्यांना जिल्ह्याच्या इस्पितळात न्यायचं, ऑपरेशन झालं की घरी पोचवायचं. बैठकीला येत नाहीत, कारण मंगळवारी ते मागच्या रविवारच्या रुग्णांना औषधाचे थेंब नीट घातले जातात की नाही ते बघायला फिरत असतात. हे मी ट्रेझररना सांगितलं. ट्रेझरर भला माणूस. म्हणाला, “मग तुम्हीच जाऊन विचारा. आम्ही तीनदा विचारलंय.”

गेलो. अण्णांनी बसायला खुर्ची दिली आणि विषय ऐकल्याबरोबर म्हणाले, “नको.”

मी माझा पोचपावतीचा सिद्धांत मांडला. उषवदात काढला. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “साहेब, तुमचं बँकेच्या दृष्टीनं बरोबर असेल. पण आत्ता त्या टेंपोत म्हातारे मला शिव्या घालतात. उशीर का केलास, पाठीमागे का बसवलंस, चहात साखर का नाही. तुमची ती फोटोची भानगड झाली, पेपरात आलं, की पुढच्या खेपेला ते माझ्या पाया पडतील. पाया पडणारा माणूस डोळा दुखतोय हे सांगत नाही. त्याला वाटतं, एवढं केलंय यांनी, आणखी कुठं त्रास द्यायचा.”

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. अजूनही नाही. उषवदाताला कुठल्या भिक्षूनं चिवर जाडंभरडं आहे म्हणून शिव्या घातल्या असतील का? दगडावर नाव असलेल्या माणसाला कोण शिव्या घालणार? सत्कारानं काम करणारा बिघडतो, असं आपण नेहमी म्हणतो. सत्कारानं ज्याच्यासाठी काम केलं तो मिंधा होतो, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

मी उठणार, तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. आतून सगळं ऐकलं असावं. कप ठेवता ठेवता म्हणाल्या, “यांना नको असेल तर मला द्या.”

अण्णा हसले. वहिनी हसल्या नाहीत.

“ह्यांनी बावीस वर्षं मोफत केलं,” त्या म्हणाल्या, “मी फुकट केलं.”

मोफत आणि फुकट यांच्यातला फरक मराठी शब्दकोशात कुणी दिला असेल तर मला ठाऊक नाही, पण त्या दिवशी तो माझ्यासमोर चहाच्या कपासारखा ठेवला गेला. मग हळूहळू कळत गेलं. शिबिराचा चहा या घरातून जातो, चाळीस कप. स्वयंसेवकांचं जेवण इथूनच. ऑपरेशन झालेल्या ज्या म्हाताऱ्याला न्यायला मुलगा येत नाही, तो पडवीतल्या खाटेवर राहतो. कधी दोन दिवस, कधी आठ. त्याच्या डोळ्यांत वेळच्या वेळी थेंब घालायचे, वाकू द्यायचं नाही, डोक्यावरून पाणी घेऊ द्यायचं नाही, हे सगळं वहिनींकडे. एका आजोबांच्या डोळ्यावरची पट्टी निघाली. त्यांनी आठ दिवस चवीवर खाल्लेली आमटी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली आणि म्हणाले, “एवढी पातळ होती होय!”

अण्णांना रुग्णांच्या शिव्या हव्यात कारण त्या त्यांना पोच वाटतात, हे खरंच. पण वहिनींना ना शिवी ना शाल. त्यांचा भरणा झालाय, आणि पावती कुणाच्याच नावानं फाडलेली नाही.

क्लबांच्या इतिहासात याला नाव आहे. 1914 साली ह्यूस्टनच्या अधिवेशनाला निघालेल्या रेल्वेगाडीत सॅन फ्रान्सिस्कोच्या एका रोटेरियनची पत्नी होती, तिचं नाव अ‍ॅन. तिला मंडळी कौतुकानं ‘रोटरी अ‍ॅन’ म्हणू लागली, आणि पुढे साऱ्या रोटेरियनांच्या बायका ‘अ‍ॅन’ झाल्या. नाशिकपासून नागपूरपर्यंत आपल्या सुशीला, कमल आणि मालती, सगळ्या अ‍ॅन! स्त्रियांना स्वतःच्या नावानं सभासद व्हायला 1987 उजाडावं लागलं. त्या वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला, लायन्सनी त्याच वर्षी दार उघडलं, रोटरीनं 1989 मध्ये सगळ्या जगासाठी नियम बदलला. तोपर्यंत चाळीस कप चहा अ‍ॅननं करायचा आणि तास मात्र सभासदाच्या खात्यावर जमा. कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला असली नोंद केली असती तर आमच्या सरांनी वही भिरकावली असती.

मी तक्त्याखाली शिफारस लिहिली. सत्कार अण्णांच्या घराचा व्हावा, आणि तो वहिनींच्या हाती द्यावा. सेक्रेटरी पेचात पडले. वहिनी सभासद नाहीत, नियमात बसत नाही. मी म्हटलं, तुमच्या नियमात वहिनी बसत नसतील, पण तुमचे स्वयंसेवक बावीस वर्षं त्यांच्या पडवीत बसतात. त्यांनी कार्यकारिणी बोलावली. माजी अध्यक्षांनी, शहाऐंशी गुणवाल्यांनी, सगळ्यांत आधी हात वर केला. माणूस चांगला आहे हे मी आधीच म्हटलं होतं.

समारंभ झाला. फोटो पेपरात द्यायचा नाही, या अटीवर अण्णा आले आणि मागच्या रांगेत बसले. निवेदिकेनं वहिनींना ‘अण्णांच्या सौभाग्यवती’ म्हणून पुकारलं, मग चिठ्ठी वाचून नाव दुरुस्त केलं. शाल नवी होती, मी कोपरा तपासून घेतला. दोन शब्द बोला म्हटल्यावर वहिनी माइकपाशी गेल्या. बोलायची सवय नाही, असं वाटून लोक आधीच टाळ्यांच्या तयारीत बसले होते.

“पुढचं शिबिर दुसऱ्या रविवारी आहे,” वहिनी म्हणाल्या. “स्वयंसेवकांनी आपापला डबा घरून आणावा.”